बीसीएस सिद्धांत मोडीत निघाला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी.ला अतिवाहकतेचा (म्हणजे ठरावीक तापमानाखाली पदार्थाचा विद्युतरोध पार नाहीसा होण्याचा) बीसीएस सिद्धांत शिकलो, गणितं जमली, पेपरही बरा गेला. आणि आता जिथे तिथे वाचायला मिळतं की तो अपुरा आहे, काही जण तर मुळातच चूक म्हणतात. मग तो शिकायचा कशाला आणि त्याच्या जागी येणार काय? सोबत दोन जोडप्रश्न आहेत. खोलीच्या तापमानाला चालणारा अतिवाहक कधी येणार, आणि पीएचडीला हा विषय घ्यावा का?

मी आयुष्याची पस्तीसेक वर्षं द्रव हेलियमच्या आसपास काढली. माणूस प्रयोगवाला. त्यामुळे उत्तर प्रयोगाच्या बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी एक गुंता सोडवू. बार्डीन, कूपर आणि श्रिफर (यांच्या आद्याक्षरांवरूनच बीसीएस) यांनी १९५७ साली जे मांडलं, त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच नावाखाली शिकतो. पहिली अशी की इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात आणि सगळ्या जोड्या मिळून एकाच क्वांटम अवस्थेत जातात. दुसरी अशी की या जोड्या जुळवतो कोण, तर धातूच्या स्फटिकातल्या अणूंची कंपनं, म्हणजे फोनॉन. पहिली गोष्ट म्हणजे लग्न, दुसरी म्हणजे मध्यस्थ. मध्यस्थ बदलला म्हणून लग्न खोटं ठरत नाही. ‘सिद्धांत कोसळला’ अशा ज्या बातम्या तुम्ही वाचता, त्यातल्या बहुतेक मध्यस्थाबद्दलच्या असतात.

लग्नाबद्दलचा पुरावा भक्कम आहे. अतिवाहक कड्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह वाटेल तेवढा असू शकत नाही, तो ठरावीक तुकड्यांतच येतो. १९६१ साली अमेरिकेत आणि जर्मनीत दोन गटांनी स्वतंत्रपणे हा तुकडा मोजला. प्लांकच्या स्थिरांकाला एका इलेक्ट्रॉनच्या भाराने भागून जे येतं, त्याच्या बरोबर निम्मा तो निघाला. म्हणजे वाहणारा भार एका इलेक्ट्रॉनचा नव्हे, दोघांचा. पुढे उच्च तापमानाचे ताम्र-ऑक्साइड अतिवाहक सापडल्यावर १९८७ साली त्यांच्यावरही हीच मोजणी झाली आणि उत्तर तेच आलं. त्यांच्या बाबतीत बाकी सगळ्यावर वाद झाले. जोड्या आहेत यावर झाला नाही.

मला स्वतःला याहून आवडणारा पुरावा हेबल आणि स्लिक्टर यांचा, तोही १९५७चाच. ॲल्युमिनियम अतिवाहक झालं की त्यातल्या अणुकेंद्रांचे स्पिन (म्हणजे त्यांची चिमुकली चुंबकत्वं) मूळ स्थितीवर किती झपाट्याने येतात, हे त्यांनी मोजलं. साधा हिशोब सांगतो की थंड करत गेलं तर मोकळे इलेक्ट्रॉन कमी होणार आणि हा वेग घटणार. पण संक्रमण तापमानाच्या (जिथे अतिवाहकता सुरू होते त्या तापमानाच्या) किंचित खाली तो आधी चक्क वाढतो, मग घटतो. त्याच धातूतून ध्वनिलहरी सोडल्या तर त्यांचं शोषण मात्र लगेच उतरायला लागतं. इलेक्ट्रॉन तेच, तापमान तेच, आणि दोन मोजण्या उलट्या दिशेला! जोडीतल्या दोन लहरी एका मोजणीत एकमेकींत मिळवल्या जातात आणि दुसरीत वजा होतात, हे बीसीएसच्या तरंगफलनातून आपोआप निघतं. दुसऱ्या कुठल्याही जुन्या चित्रातून ते निघत नव्हतं. वर्गात हा भाग बहुधा वेळेअभावी गाळतात. तुम्ही गाळू नका.

आता मध्यस्थ. इलेक्ट्रॉन धातूतून सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर वेगाने जातो. जाता जाता धन आयनांना स्वतःकडे किंचित ओढतो. आयन जड, त्यांना हलायला वेळ लागतो; ते जवळ सरकेपर्यंत इलेक्ट्रॉन शेकडो अणू पुढे निघून गेलेला असतो. कापसाच्या गादीवरून कुणी उठून गेल्यावर खळगा थोडा वेळ तसाच राहतो, तसं. त्या खळग्याकडे दुसरा इलेक्ट्रॉन ओढला जातो. पहिला लांब गेलेला असल्यामुळे दोघांमधलं प्रतिकर्षण फारसं आड येत नाही. या सगळ्या व्यवहाराचा प्राण म्हणजे उशीर: इलेक्ट्रॉन चपळ आणि जालक, म्हणजे आयनांची जाळी, संथ. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जोडीतले दोघे एकमेकांना चिकटून नसतात, हेही त्यातूनच कळतं. शुद्ध ॲल्युमिनियममध्ये त्यांच्यातलं अंतर मायक्रोमीटरच्या घरात असतं आणि मधल्या जागेत इतर लाखो जोड्या वावरत असतात. शाळेच्या मैदानावरचं लेझीम आठवा. आपला जोडीदार पार दुसऱ्या टोकाला, मध्ये दीडशे पोरं, तरी पाऊल एकदम पडतं.

फोनॉन हाच मध्यस्थ, याची पहिली खूण १९५० साली मिळाली. पाऱ्याचे समस्थानिक बदलून सरासरी अणुभार १९९.५ वरून २०३.४ केला, तेव्हा संक्रमण तापमान ४.१८५ वरून ४.१४६ केल्विनवर आलं (शून्य केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस). अणू जड झाले की कंपनं मंदावतात आणि जोड्या जुळणं कठीण होतं. मात्र खरा पंचनामा झाला तो शिशाचा. १९६५ साली बेल लॅबमध्ये मॅकमिलन आणि रॉवेल यांनी शिशाच्या टनेलिंगच्या (पातळ रोधक थरातून इलेक्ट्रॉन आरपार जाण्याच्या) आलेखातले बारीक चढउतार घेतले आणि त्यांवरून उलटं गणित करून शिशातल्या फोनॉनांचा वर्णपट काढला. तो न्यूट्रॉन विकिरणाने स्वतंत्रपणे मोजलेल्या वर्णपटाशी जुळला. मध्यस्थाच्या बोटांचे ठसे घटनास्थळी सापडावेत, तसा हा पुरावा. शिसं, पारा, कथील, नायोबियम यांच्याबाबत मी तरी वाद घालणार नाही.

मग गडबड कुठे झाली? सिद्धांत इतका छान बसला की लोक त्याच्या पलीकडे बघेनासे झाले. युरेनियम आणि बेरिलियमचं एक संयुग १९७५ सालीच सुमारे एक केल्विनखाली अतिवाहक होताना दिसलं होतं. पण त्यात चुंबकीय स्वभावाचे इलेक्ट्रॉन, आणि चुंबकत्व म्हणजे अतिवाहकतेचा वैरी, हे पाठ झालेलं. म्हणून ‘नमुन्यात शुद्ध युरेनियमचे तंतू राहिले असावेत’ असं म्हणून ते निरीक्षण बाजूला सारलं गेलं. १९७९ साली फ्रँक स्टेगलिश यांनी सेरियम, तांबं आणि सिलिकॉनच्या संयुगात अर्ध्या केल्विनच्या आसपास तेच दाखवलं. गंमत अशी की सेरियम काढून अचुंबकीय लँथॅनम घातलं की त्या संयुगातली अतिवाहकता नाहीशी होते. म्हणजे वैरी समजला गेलेलाच इथे मध्यस्थ होता! १९८३ साली त्या युरेनियमच्या संयुगालाही न्याय मिळाला.

या दोन शोधांकडे या विषयाबाहेरच्या फारसं कुणी लक्ष दिलं नाही, कारण तापमानं क्षुल्लक होती. लक्ष वेधलं ते १९८६ साली. झुरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्युलर यांना लँथॅनम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडमध्ये तीस केल्विनच्या वर अतिवाहकतेच्या खुणा दिसल्या. ऑक्साइड म्हणजे मडक्याच्या जातीची वस्तू. तिच्यात हे शोधणं लोकांना वेडेपणाचं वाटायचं. पुढच्या वर्षी यट्रियमचं संयुग ९३ केल्विनला पोहोचलं, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्याही वर.

मी तेव्हा संशोधनाला नुकता लागलो होतो. हेलियम मिळण्याची मारामार असणाऱ्या आमच्यासारख्या विभागाला अचानक थर्मासमध्ये नेता येणाऱ्या नायट्रोजनवर जागतिक भौतिकशास्त्र करता येणार होतं. यट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड, त्यांतल्या धातूंचे अणू एकास दोनास तीन येतील या प्रमाणात खलायचं, भट्टीत नऊशेच्या वर भाजायचं, पुन्हा खलायचं, टिकली दाबायची आणि ऑक्सिजन सोडत सावकाश निववायची. टिकली काळी निघाली तर नशीब. आमची पहिली निघाली हिरवीगार. ते दुसरंच संयुग, ठार विद्युतरोधक. तिसऱ्या खेपेला काळी मिळाली, तिच्यावर चुंबक तरंगला, आणि विभागातला शिपाईसुद्धा बघायला आला.

त्या काळ्या टिकलीत फोनॉनवाला हिशोब चालत नव्हता. ऑक्सिजनचा समस्थानिक बदलला तर यट्रियमच्या त्या संयुगाचं तापमान जवळपास हलतच नव्हतं. मग १९९३-९४ मध्ये जोडीचा आकार कळला. साध्या धातूत जोडीची लहर सगळ्या दिशांना सारखी असते. ताम्र-ऑक्साइडमध्ये ती चार पाकळ्यांची असते, आणि शेजारशेजारच्या पाकळ्यांचं चिन्ह उलट. आयबीएममध्ये त्सुई आणि कर्टली यांनी तीन स्फटिक वेगवेगळ्या कोनांत जोडून त्यांच्या सांध्यावर कडं बनवलं, तर त्यात चुंबकीय प्रवाहाचा अर्धाच तुकडा अडकलेला सापडला. चिन्ह उलटल्याशिवाय अर्धा तुकडा येऊच शकत नाही. एवढा नेटका प्रयोग क्वचित पाहायला मिळतो. चार पाकळ्यांची जोडी जमण्यासाठी निव्वळ आकर्षणच लागतं असं नाही. इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण आणि शेजारच्या स्पिनांची ओढाताण यांतूनही ती जमू शकते. फिलिप अँडरसन आणि आपले जी. बास्करन यांनी १९८७ पासूनच या अंगाने मांडणी केली होती. पुढे २००८ साली जपानमध्ये होसोनो यांच्या गटाला लोहाचे अतिवाहक मिळाले, तेव्हा चुंबकत्वाला वैरी म्हणणं उरलंसुरलंही संपलं.

इथवर मध्यस्थच बदलला, असं म्हणता येईल. माझ्या मते खरी फेरमांडणी लागते ती याच्या पुढे. बीसीएसची सुरुवातच अशी आहे की थंड धातूत इलेक्ट्रॉन म्हणजे सुटे, ओळखता येतील असे कण आहेत, आणि मग त्यांच्या जोड्या जुळतात. पण ताम्र-ऑक्साइड अतिवाहक होण्याआधी जो धातू असतो तो विचित्र आहे. त्याचा रोध तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढतो, काही संयुगांत हजार केल्विनच्या आसपासपर्यंत, न थांबता. साध्या धातूत इलेक्ट्रॉनच्या दोन टकरांमधलं अंतर अणूंमधल्या अंतराएवढं झालं की रोध वाढायचा थांबायला हवा. इथे तो थांबत नाही. याचा एक अर्थ असा की सुटा इलेक्ट्रॉन ही कल्पनाच तिथे टिकत नाही. मग जोडी जुळवायची कुणाची? वधूवरच नाहीत आणि वरात मात्र निघालेली, अशी ही अवस्था आहे. चाळीस वर्षं होत आली, नोबेल मिळवलेले लोक यात आयुष्य घालून बसले, आणि सर्वमान्य सिद्धांत अजून नाही. त्याच्या जागी काय येणार, याचं प्रामाणिक उत्तर हेच.

दुसरी भेग आपल्या मुंबईतली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथचा स्फटिक साध्या दाबाखाली अतिवाहक होतो, हे दाखवलं. शोधनिबंध २०१६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. तापमान होतं ०.५३ मिलिकेल्विन, म्हणजे शून्याच्या वर एका केल्विनच्या दोन-हजाराव्या भागाएवढं. बिस्मथचे पातळ अव्यवस्थित थर किंवा प्रचंड दाबाखालचा बिस्मथ अतिवाहक असतो, हे जुनंच. साध्या स्फटिकात मात्र अनेकांनी शोधून हात टेकले होते. अवघड का, ते बघा. ही अतिवाहकता सुमारे पाच मायक्रोटेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात मरते. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र त्याच्या आठ-दहा पट. म्हणजे नुसतं थंड करून भागत नाही. पृथ्वीचं चुंबकत्वही नमुन्यापासून अडवावं लागतं, आणि इतक्या थंडीत मोजणीच्या उपकरणाने सोडलेली नखभर उष्णताही घात करते. या कामाची बातमी वर्तमानपत्रांत दोन दिवस झळकली आणि विरली. माझ्या मते आपल्याकडच्या प्रायोगिक भौतिकीतल्या सर्वांत कष्टाच्या मोजण्यांपैकी ती एक आहे.

बीसीएसला ती झोंबते का? तांब्यात अणूमागे एक वाहक इलेक्ट्रॉन असतो. बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे एक. एवढे तुरळक इलेक्ट्रॉन असल्यामुळे त्यांची ऊर्जाही तुटपुंजी, सुमारे २५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि जालकाच्या कंपनांची ऊर्जाही त्याच पट्टीत, दहा-बारा मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. साध्या धातूत या दोहोंत शंभरपटीहून जास्त फरक असतो. वर मी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य इथे मोडतं: इलेक्ट्रॉन चपळ नाहीत आणि जालक त्यांच्या तुलनेत संथ नाही. उशीरच नाही, तर खळगा भरून यायच्या आत दुसऱ्याने त्यात पडायचं कसं? म्हणजे इथे फोनॉन मध्यस्थ असला, तरी पाठ्यपुस्तकातलं गणित लागू नाही. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट १९६४ पासून हीच अडचण दाखवत आलं आहे. इलेक्ट्रॉनांच्या स्वतःच्या सामूहिक हेलकाव्यांना मध्यस्थ मानणाऱ्या मांडण्या पुढे आल्या आहेत. कुठली टिकेल, यावर पैज लावायला मी तयार नाही.

एवढं ऐकून बीसीएसला श्रद्धांजली वाहायला निघाल असाल, तर थांबा. २०१४ साली चीनमधल्या जिलिन विद्यापीठाच्या गटाने फोनॉनांवर आधारलेल्या त्याच जुन्या गणिताने सांगितलं की हायड्रोजन आणि गंधकाचं एक संयुग दोनशे गिगापास्कल (हवेच्या दाबाच्या सुमारे वीस लाख पट) दाबाखाली १९१ ते २०४ केल्विनला अतिवाहक व्हावं. २०१५ साली जर्मनीत माइन्झला एरेमेट्स यांच्या गटाने सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हिऱ्यांच्या चिमटीत दाबला आणि त्यांना २०३ केल्विन मिळाले. हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घातल्यावर तापमान खाली आलं, अगदी फोनॉनवाले म्हणतात तसं. त्या काळी ताम्र-ऑक्साइडचा साध्या दाबाखालचा विक्रम १३५ केल्विनच्या आसपास होता. मोडीत काढलेल्या सिद्धांताने सगळ्यांना मागे टाकलं, आणि तेही आधी सांगून! पन्नास वर्षं या सिद्धांतावर आरोप होता की तो झाल्यावर समजावतो, होण्याआधी सांगत नाही. तो तरी इथे धुऊन निघाला.

आता राहिले मुळावरच घाव घालणारे. त्यांतले दोन लोक मी गंभीरपणे घेतो. कॅलिफोर्नियातले होर्हे हिर्श विचारतात: चुंबकीय क्षेत्रात धातू अतिवाहक होताना क्षेत्र बाहेर फेकतो, तेव्हा पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन फॅरेडेच्या नियमाच्या विरुद्ध दिशेने धावायला लागतात, त्यांना ढकलतो कोण, आणि त्यांचा उलटा कोनीय संवेग जालकाला कोण पोहोचवतो? बीसीएस शेवटची अवस्था कमी ऊर्जेची आहे एवढं सिद्ध करतो. तिथवरचा रस्ता दाखवत नाही. प्रश्न रास्त आहे. फक्त त्यावरचा त्यांचा इलाज, म्हणजे कुठल्याच पदार्थात फोनॉनांची गरज नाही हे म्हणणं, मला पटत नाही. शिशाचे ते ठसे मी कुठे लपवू?

दुसरे त्सुकुबा विद्यापीठातले हिरोयासु कोइझुमी. त्यांचा एक मुद्दा फिरणाऱ्या अतिवाहकाचा. अतिवाहक गरगर फिरवला की त्यात चुंबकीय क्षेत्र उपजतं आणि त्यावरून जोडीचं वस्तुमान काढता येतं. ते येतं दोन मुक्त इलेक्ट्रॉनांएवढं. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनचं बदललेलं ‘परिणामी’ वस्तुमान येत नाही, आणि बीसीएसची पाठ्यपुस्तकं तर परिणामी वस्तुमान वापरतात. मला यात विसंगती दिसत नाही. परिणामी वस्तुमान ही जालकाने घातलेली अडकाठी आहे. जालकच इलेक्ट्रॉनांसोबत फिरत असेल तर अडकाठी कसली? फिरण्याचं बल खऱ्या वस्तुमानावरच लागतं. चूक असलीच तर पाठ्यपुस्तकांच्या घाईची आहे. पण एक खडा अजून दाताखाली येतो. १९८९ साली नायोबियमच्या कड्यावर ही मोजणी फार बारकाईने झाली, तेव्हा वस्तुमान दुपटीपेक्षा लाखात आठ भागांनी जास्त भरलं. सापेक्षतेची दुरुस्ती धरली तर ते उलट केसभर कमी भरायला हवं होतं. या फरकाचं सर्वांना पटलेलं स्पष्टीकरण आजही नाही. मी तुमच्या वयाचा असतो तर हा प्रयोग पुन्हा करायला घेतला असता.

खोलीच्या तापमानाचं थोडक्यात सांगतो. प्रचंड दाबाखाली आपण जवळ पोहोचलो आहोत. लँथॅनमचं हायड्राइड २५० केल्विनच्या आसपास अतिवाहक होतं, पण हिऱ्याच्या चिमटीतून तार ओढता येत नाही. साध्या दाबाखालचे दावे दर दोनतीन वर्षांनी येतात. २०२३ सालच्या ‘एलके-९९’ या कोरियन पदार्थातली रोधाची ती नाट्यमय घसरण त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडची निघाली, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही ते अतिवाहक ठरलं नाही. कोणताही दावा आला की मी तीन गोष्टी शोधतो: रोध शून्य, चुंबकीय क्षेत्राची हकालपट्टी, आणि उष्माधारकतेत उडी. तिन्ही एकाच तापमानाला. एक जरी नसली तरी मी पेपर मिटतो.

शून्य रोधावर सर्वांत कमी विश्वास ठेवा. माझ्या एका नमुन्याने १४० केल्विनला झोकात शून्य दाखवलं होतं. रात्रीचे अकरा वाजलेले. मी गाइडना घरी फोन केला. ते रिक्षाने आले, आलेख पाहिला, काही बोलले नाहीत. प्रवाहाची दिशा उलटी केली, तरी शून्य. प्रवाह दसपट केला, तरी शून्य. मग त्यांनी नमुना बाहेर काढायला लावला. चारपैकी व्होल्टेज मोजायची एक तार थंडीने आकसून चांदीच्या पेस्टमधून सुटली होती. सुटलेली तार कुठलंही व्होल्टेज दाखवत नाही, आणि यंत्राला त्याचा अर्थ शून्य रोध असाच लागतो.

पीएचडीला घ्या, पण गट निवडताना तिथे स्फटिक वाढवतात का, ते आधी विचारा. दुसऱ्याच्या स्फटिकांवर मोजणी करणारे गट रांगेत उभे असतात, आणि चांगला स्फटिक ज्याच्या कपाटात असतो त्याला तो कुणापुढे ठेवायचा ते ठरवता येतं. पहिलं वर्ष भट्टीपाशी जाईल, हात काळे होतील, नमुने हिरवे निघतील. आणि हेबल-स्लिक्टरचं गणित त्याच वर्षी स्वतःच्या हाताने एकदा करून टाका. साधारण चार पानांचं आहे.